कृपया लाइनवर बनून राहा

आमच्या घरी बाथरूमचं दार कुणी बाहेरून वाजवलं, की आतून गोड आवाजात उत्तर यायचं, "कृपया लाइनवर बनून राहा." बाबा दाढी करताना म्हणायचे, धाकटी केस धुताना म्हणायची, आणि मी तर आत काहीही काम नसताना केवळ म्हणायची संधी मिळावी म्हणून बसून राहायचे. हे वाक्य आमच्या घराला आईच्या नोकरीनं दिलं होतं. नोकरीनं दिलेल्या गोष्टींत पगार सोडला तर हीच एक उपयोगी.

आई एका मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रारी फोनवर ऐकायची. मूळची वर्ध्याची, मराठीत एम.ए., आणि शिकवायची इतकी हौस, की आम्हा दोघींना जेवतानाही समास सोडवायला लागायचे. पण शाळेत जागा कधी निघाली नाही, निघाली तेव्हा ती दुसऱ्याच कुणाची तरी होती. बाबांचं कर्वेनगरात कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं, ते छान चालायचं. मग पोरांच्या नोट्स कागदावरून थेट मोबाइलमध्ये गेल्या, बाबांना कुणी विचारलंही नाही, आणि दुकानाला कुलूप लागलं. तेव्हापासून घरभाडं, माझं कॉलेज, धाकटीची शाळा आणि बाबांची सुपारी हे सगळं आईच्या 'खेद'वर चालायचं.

खेद म्हणजे असा. कंपनीनं बोलायची वाक्यं लिहून दिली होती, ती एका अक्षरानंही बदलायची नाहीत. कुणीतरी हिंदीचं बोट धरून ती मराठीत आणली होती आणि वाटेत हात सोडून दिला होता. "मी आपली काय सहायता करू शकते?" "आपल्या समस्येला आम्ही गंभीरतेने घेत आहोत." "असुविधेसाठी आम्ही खेद करतो." आई हे दिवसभर म्हणायची आणि संध्याकाळी कोमट पाण्यानं गुळण्या करायची. आम्हाला वाटायचं, घशासाठी. एकदा तिनं सगळी वाक्यं लाल पेननं दुरुस्त करून कंपनीला पाठवली. उत्तर आलं, "आपल्या सूचनेसाठी आम्ही धन्यवाद करतो." त्या दिवशी तिनं तीनदा गुळण्या केल्या.

काम घरूनच असायचं, बेडरूममध्ये. वायफायची वायर दारातून जात असल्यामुळे दार पूर्ण लागायचं नाही, म्हणून नऊ ते सहा आम्ही मुक्यांचं कुटुंब. भांडणं खुणांनी व्हायची. मिक्सर कंपनीच्या कृपेनं जगणाऱ्या आमच्या घरात दिवसा मिक्सर लावायला बंदी होती. स्वयंपाक बाबांकडे आला होता, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या नेमक्या आधीच्या क्षणी गॅस बारीक करण्यात त्यांनी प्रावीण्य मिळवलं होतं. आणि ज्या घरात हसायचं नसतं तिथे सगळ्याचंच हसू येतं. चमचा पडला तरी येतं. आम्ही उशांत तोंडं खुपसून इतके हसलोय, की उशांचे अभ्रे दिवसाआड धुवायला लागायचे.

हेडफोननं कान दुखायला लागले, की आई आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर घ्यायची. हे कंपनीला माहीत नव्हतं, आम्हाला मात्र पर्वणी. अशाच एका दुपारी ते काका आमच्या घरात आले. म्हणजे त्यांचा आवाज आला. पेठेतले, निवृत्त, आणि आवाजावरून कळत होतं की इस्त्रीचा सदरा घालूनच फोनवर बसलेत. त्यांची तक्रार होती, की चटणी वाटताना ती मिक्सरच्या झाकणातून बाहेर उडते.

"कृपया लाइनवर बनून राहा," आई म्हणाली.

"बनून राहतो. काय बनून राहू तेवढं सांगा. मुरांबा?"

बाबा स्वयंपाकघरातल्या लादीवर बसले आणि पोटाला हात लावून तिथेच आडवे झाले. त्यांचं कुकरकडे दुर्लक्ष झालं आणि शिट्टी वाजली, मग दुसरी, मग तिसरी. पलीकडून शांतपणे आवाज आला, "बाई, तीन झाल्या. वरण असेल तर बंद करा."

पुढचे दहा-बारा दिवस ते काका रोज फोन करत होते आणि योगायोग असा, की बरेचदा फोन आईलाच लागायचा. दुरुस्तीचा माणूस काही त्यांच्याकडे जात नव्हता. आम्ही मात्र त्यांच्या फोनची वाट पाहायचो. दुपारी जेवणं उरकून, दाराच्या फटीशी, उशा मांडीवर घेऊन तयार.

शेवटच्या दिवशी आईनं वाचलं, "असुविधेसाठी आम्ही खेद करतो."

"खेद करत नाहीत हो, खेद वाटतो. करायची असते ती चटणी. ती आमच्याकडे ताटात सोडून सगळीकडे आहे. काल कॅलेंडर पुसलं. एकादशी कधी आहे ते आता दिसत नाही."

धाकटीच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. बाबा कणीक भिजवत होते, त्यांनी धावत येऊन तसाच हात तिच्या तोंडावर दाबला. कणीक नाकात गेली आणि ती अशी शिंकली, की बाबांच्या चष्म्यावर पिठाचे ठिपके उमटले. आईनं वळून आमच्याकडे पाहिलं. कणकेनं माखलेली मुलगी, ठिपक्यांचा नवरा आणि उशी चावणारी मी. आणि ती हसली. हसली म्हणजे फुटलीच, थेट माइकमध्ये. मग एकदम तिची वर्ध्याची बोली बाहेर आली, जी ती रागात नाहीतर अगदी मनातलं बोलतानाच वापरायची.

"ओ काका, मी बी तेच म्हणून राहिली न! हे मराठी माह्यं नाही. कोनी तरी लिहून देते अन् मले वाचा लागते. तुमाले खेद नाही, चटनी पाहिजे. मंग सांगा, झाकनाचं रबर कोन्या बाजूनं बसवलं?"

पलीकडे झाकण काढल्याचा आवाज. मग काहीतरी खटखट, मग मिक्सरची घरघर, आणि मग काका.

"उलटं होतं," ते म्हणाले. "ठीक आहे."

पेठेतल्या माणसाकडून 'ठीक आहे' म्हणजे शालश्रीफळ. आम्ही दाराआड मुकाट टाळ्या वाजवल्या, तळहातांचा आवाज न होऊ देता. तासाभरात कंपनीचा मेसेज आला. कॉल रेकॉर्ड झाला होता, ग्राहकासमोर हसणं, ठरलेली वाक्यं सोडणं आणि घरातले आवाज असे तीन गुन्हे होते, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता व्हिडिओवर हजर राहायचं होतं. आधीच्या महिन्यात आईच्या गटातल्या दोघींना याहून कमी कारणासाठी घरी बसवलं होतं.

आमची पाचावर धारण बसली. तिन्ही गुन्ह्यांत आमचा हात होता, एकात तर कणकेसकट. भीतीनं आम्हाला जास्तच चेव चढला. जेवताना बाबा साहेब झाले आणि त्यांनी डावानं टेबल ठोकत खटला चालवला, धाकटीनं साक्षीदार म्हणून पुन्हा शिंकून दाखवलं. आई पोट धरून हसत होती. तिला टेन्शन कसं नाही, याचं मला नवल वाटलं. जेवणानंतर तिनं माळ्यावरून एम.ए.च्या वह्या काढल्या, धूळ झटकली, आणि गुणगुणत चाळत बसली. बाबा माझ्या कानात म्हणाले, "घाबरलीय. दाखवत नाही."

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही तिघं कॅमेऱ्यात येणार नाही असे पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसलो. साहेब कोवळा होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्यानं सगळा कॉल ऐकवला. स्वतःची शिंक ऐकून धाकटीनं बाबांचा दंड चावला.

"मॅडम, या गोष्टीला आम्ही गंभीरतेने घेतले होते," साहेब म्हणाला. "पण कस्टमरनी लेखी फीडबॅक दिलाय. मी वाचतो. 'रबर बसले. बाईंना मराठी येते, ही बाब कंपनीने ग्राहकांपासून लपवू नये.'"

बाबांनी माझा हात इतका दाबला, की अंगठी रुतली.

साहेब पुढे बोलत होता. पुण्यातून मराठीवर अडून बसणारे, चिडलेले जितके ग्राहक येतील, ते यापुढे सगळे आईकडे वळवायचे ठरले होते. वाक्यं मात्र लिहिलेलीच वापरायची, फक्त शेवटी गरज पडली तर स्वतःचं बोलायचं. नोकरी पक्की. आई "थँक्यू सर" म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला.

आणि आम्ही नाचलो! पलंगावर, जमिनीवर, वायरीत पाय अडकून. बाबा अनवाणीच जिना उतरले आणि कोपऱ्यावरून गरम जिलबी घेऊन आले, धाकटीनं आईच्या गळ्यात टॉवेलचा हार घातला. आई मध्ये खुर्चीवर बसली होती. बाबांनी जिलबी तिच्या तोंडाशी धरली.

"घे गं. वाचलो!"

तिनं एक तुकडा तोडला. आमच्याकडे बघून हसत म्हणाली, "मले वाटलं होतं, सुटली आज."

बाबा खो खो हसले. धाकटी हसली. तिला वाटलं, आई पुन्हा काकांशी बोलल्यासारखं बोलतेय. मला मात्र कळलं. खोटं कशाला सांगू, तिथल्या तिथे कळलं. पण माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष बाकी होतं, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.