गिरजाचा काठ

कोसमटोल्यात तलावाच्या पाळीला लागून माझी पिठाची चक्की आहे, दारातून काठ दिसतो. चक्कीवाल्याला गावातलं सगळं ठाऊक असतं असं लोक म्हणतात. असतं, खरंच असतं. पण ठाऊक असून उपयोग काय, हे अजून कोणी विचारलेलं नाही. गिरजाच्या बाबतीत मला सुरुवातीपासून सगळं ठाऊक होतं, आणि एवढं ठाऊक असूनही चक्कीचा पट्टा चढवण्यापलीकडे माझ्या हातून काही झालं नाही.

गिरजा ढिवरांची सून. आमचा तलाव मालगुजारांच्या काळातला, मोठा, पाच गावांची धानशेती भिजवणारा. त्याच्या खोल पाण्यावर ढिवरांच्या मासेमारी संस्थेचा हक्क. संस्थेत नावं पुरुषांची, डोंगे पुरुषांचे, मोठी जाळी पुरुषांची. बायकांच्या वाट्याला काठ. गुडघाभर पाण्यात हातजाळं लावून झिंगे, बारीक मासोळी, नशीब असलं तर एखादा शिंगूर. त्या काठाचीही गावात वाटणी आहे. नवी नवरी आली की हळद उतरायच्या आत सासू तिला पाळीवर घेऊन जाते आणि दाखवते, या दगडापासून त्या पळसापर्यंत तुझा काठ. बस्स. लिहिलेलं कुठे काही नाही, आणि भांडणही कधी झालेलं नाही.

नियम एकच. दुसरीच्या काठावर जाळं लावायचं तर विचारून. विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, पण विचारायचं मात्र दरवेळी. माय असो, लेक असो, तोंड उघडून मागितल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही.

गिरजानं कधी कोणाला विचारलं नव्हतं. तिचा नवरा बाबुलाल तापानं गेला तेव्हा ती तिशीच्या आतबाहेर असेल, लेक डिंपल दुसरीत. संस्थेतलं नवऱ्याचं नाव दिराकडे, पत्रूकडे गेलं. दीर तसा वाईट नाही. त्यानं चारचौघांत सांगितलं, वहिनीले आमी पोसू. गिरजा म्हणाली, "मले काठ हाये." तेवढंच. त्या काठावर डिंपल मोठी झाली, आरमोरीला दिली. जावई चांगला आहे, मायनं आमच्याकडे यावं म्हणून पोरगी फोनवर रडते. गिरजा ऐकून घेते, आणि सकाळी जाळं खांद्यावर टाकून माझ्या चक्कीवरून जाते. मी कधी चेष्टेनं म्हणायचो, "बाई, आज कलेक्टरीन कुठी निघाली?" ती म्हणायची, "आपल्या जिल्ह्यात जी, दुसरं कुठी?"

आता तलावाचं. मधल्या वर्षांत त्याचे हाल झाले होते. कडेनं बेशरमीचं रान माजलं, तळ गाळानं भरला, पाण्यातली पूर्वीची गवतं नाहीशी झाली. संस्थेनं मोठी वाढणारी मासोळी सोडली ती आधी फळली आणि मग तीही रोडावली. बायकांच्या जाळ्यात शेवाळ यायला लागलं. तेव्हा ललिता मॅडम आल्या.

या नागपूरच्या एका संस्थेत पाण्यातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ. पण माहेर आलापल्लीकडचं, बाप जंगलात मजुरी करून राहिलेला. त्या आल्या तशा पाळीवर चप्पल काढून थेट चिखलात उतरल्या, त्यामुळे बायकांनी त्यांना एका दिवसात आपल्यात घेतलं. त्यांच्यासोबत वनखात्याचे रामटेके साहेब, मत्स्यखात्याचे एक, पाटबंधाऱ्याचे एक. तीन खात्यांच्या गाड्या आमच्या गावात एकाच वेळी उभ्या राहिल्याचं मी निवडणूक सोडली तर पहिल्यांदाच पाहिलं. आणि नवल म्हणजे ही मंडळी एकमेकांशी भांडत नव्हती. मला वाटलं, दोन दिवसांचं कौतुक आहे. पण नाही, त्यांनी काम केलं. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळावर ट्रॅक्टर फिरवला, बेशरम मुळासकट काढली. मग आषाढात दुसऱ्या तलावांतून ओल्या पोत्यांत भरून गवतं आणली, आणि गावच्या बायकांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ती लावली.

त्या गवतांत देवधान होतं. हा पाण्यात आपोआप उगवणारा भात. ऋषिपंचमीच्या उपासाला नांगर न लागलेलं धान्य लागतं, ते हे. पूर्वी आमच्या तलावात होतं, मग गेलं, आणि बायका बाजारातून कुठलं तरी महागडं चिमूटभर आणून भागवायला लागल्या. ललिता मॅडम सांगत होत्या, सगळीकडे विरळ विरळ लावा. सगळ्यांनी तसं लावलं. उरलेली रोपं कोणाला नको होती, देवधान दाटलं की जाळं अडकतं. ती सगळी पोती गिरजानं उचलली आणि आपल्या काठावर दाट लावून टाकली.

मी विचारलं, "बाई, काऊन वो? जाळं कुठी टाकशीन मग?"

"थोडी जागा ठेवली ना," ती म्हणाली. "आपून कधी कोणाले काही देलं नाई भाऊ. देयाले काही होतंच नाई. आता पंचमीले साऱ्या गावाले देवधान माह्या काठाचं."

आणि दिलंही तिनं. पुढच्या भाद्रपदात ती टोपली घेऊन घरोघर फिरली. पाटलाच्या घरी गेली, कुणब्यांच्या घरी गेली, माझ्या घरीही आली. मूठ मूठ दिलं. मी त्या बाईला इतकी खूष कधी पाहिली नव्हती. तलावही पालटला होता. झिंगे आले, मरळ आली, हिवाळ्यात बदकं उतरली. पेपरात फोटो छापून आला. त्यात मॅडम होत्या, साहेब होते आणि अर्धी गिरजा होती.

तिसऱ्या पावसाळ्यात सारस आले.

माणसाएवढा उंच पक्षी, लाल मान, ओरडला तर शेजारच्या गावाला ऐकू जाईल. आमच्याकडे म्हातारी माणसं त्यांच्या गोष्टी सांगायची, पाहिले कोणी नव्हते. जोडीनं साऱ्या तलावात फिरून जागा निवडली ती गिरजाच्या दाट देवधानात. गवताचा मोठा ढीग रचला, अंडी घालायच्या तयारीनं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी म्हणालो तेव्हा गिरजा हसली. जाळं टाकायची जी थोडी जागा तिनं ठेवली होती, ती त्या ढिगापासून हाकेवर होती. ती गेली की पक्षी उठायचे, मान ताठ करून अंगावर यायचे.

बायकांनी तिला सांगितलं, चार दिवस जरा जवळून ये-जा कर, आपोआप दुसरीकडे जातील. अंडी अजून नाहीत, पाप नाही. गिरजा ऐकेना. सारसाच्या जोडीतलं एक मेलं की दुसरं अन्न सोडतं, असं आमच्याकडे मानतात. "मी रांडमुंड बाई," ती म्हणाली, "माह्या हातानं जोडपं उठवू का?" आणि तिनं स्वतः ललिता मॅडमना फोन लावायला सांगितलं. माझ्याच मोबाइलवरून लावला. मॅडम पलीकडून आनंदानं ओरडल्या, ते चक्कीच्या आवाजातही मला ऐकू आलं.

मग सगळे आले. रामटेके साहेबांनी हात जोडून तिला विचारलं, पिल्लू उडेपर्यंत काठ बंद ठेवाल का? गिरजा म्हणाली, पाहुणे आहेत, राहू द्या. तेवढ्या दिवसांपुरतं साहेबांनी तिला राखणीचं काम दिलं. ती रोज पाळीवर बसून कुत्री हाकायची, गुरं वळवायची. अंडी दोन होती, पिल्लू एकच निघालं. ते देवधानातून आईबापांच्या मागे चालायला लागलं तेव्हा तिनं मला हात धरून ओढत नेलं दाखवायला. दळण तसंच राहिलं आणि गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या. हिवाळ्यात ते उडालं. तिघंही गेली.

गिरजा जाळं घेऊन काठावर गेली तर तिथे खांब रोवत होते.

झालं होतं असं. सारसाचं घरटं म्हणजे मोठी गोष्ट. ती जिल्ह्याच्या एका समितीपुढे गेली, तिथून वर गेली, आणि वरून ठरलं की तो काठ कायमचा पक्ष्यांसाठी राखीव. तार, पाटी, आत जायला मनाई. कोणी वाईट मनानं केलं नव्हतं. उलट सगळ्यांना वाटत होतं की फार चांगलं झालं. पाळीची डागडुजी, पाणी सोडायची नवी तूम, हे सगळं पुढच्या टप्प्याचं काम त्या राखीव काठाच्या जोरावरच मंजूर होणार होतं.

मी गिरजाला घेऊन गडचिरोलीला गेलो. रामटेके साहेबांनी बसवलं, चहा मागवला. ललिता मॅडमही मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी आमच्या आधीच वरपर्यंत कळवलं होतं की हा काठ एका बाईचा आहे, घरट्याचा पाऊसकाळ सोडून तिला जाळं लावू द्या. वरून विचारणा आली की गावाच्या कोणत्या दप्तरात बायकांचे काठ आहेत? तलाव ढिवरांच्या संस्थेचा, आणि काठ राखीव करायला त्या संस्थेची हरकत नाही.

"मग आता?" मी विचारलं.

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भाऊ, माझ्या हातात असतं तर तार मीच काढली असती."

"मग हाये कोनाच्या हातात?"

ललिता मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी गिरजाचा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, मीच तुमाले बुडवलं." मला त्यांचा राग येत होता आणि येतही नव्हता. रागवायला धड एक माणूस मिळू नये, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. गिरजाच त्यांची समजूत काढत होती. "तुमी काय कराल माय," म्हणत होती, "तुमी त तलाव जगवला."

ग्रामसभेत मी विषय काढला. पत्रू आता संस्थेचा अध्यक्ष. तो उठून म्हणाला, एका काठापायी पाळीचं काम अडलं तर पाच गावांचं धान वाळेल. खोटं बोलत नव्हता. मग वहिनीकडे वळून मायेनंच म्हणाला, "बाई, आमी तुमाले जेवू नाई घालत का?" माना हलल्या. गिरजा जमिनीकडे बघत होती. मला वाटतं, त्या एका वाक्यानं तिला जेवढं लागलं तेवढं तारेनं लागलं नसेल.

सारस पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आलेच नाहीत. वैनगंगेकडे कोणाच्या तरी धानाच्या बांधीत त्यांनी घरटं केल्याचं कळलं. मॅडमनी तेही कळवलं, पक्षी गेले, आता तरी काठ मोकळा करा. उत्तर आलं की पक्षी परत येऊ शकतात. हेही खरंच. या सगळ्या प्रकरणात प्रत्येक जण खरं बोलत होता.

पारबता, म्हणजे पत्रूची बायको, गिरजाची धाकटी जाऊ, चक्कीवर तिला म्हणाली, "बाई, माहा अर्धा काठ तू घे." गिरजानं विचारलं, "आन् तुही सून आली की तिले काय दाखवशीन? अर्धा?" पारबतानं पिठाचा डबा उचलला आणि निघाली.

काही महिने गिरजानं धानाच्या रोवणीची, कापणीची मजुरी केली. पण गुडघे चिखलातून निघेनात, आणि रोवणी काही बारा महिने नसते. डिंपलचा फोन आला की ती बरी आहे म्हणायची. तिच्या घरून चूल पेटल्याचा धूर एकदाच निघतो, हे मला माझ्या दारातून दिसत होतं. मी पीठ पाठवलं, तिनं ते तसंच परत आणून ठेवलं. "भाऊ, दळन आनलं का मी?" एवढंच म्हणाली.

श्रावणातल्या एका सकाळी ती जाळं घेऊन निघाली. मी चक्कीचा पट्टा चढवला. ती आपल्या काठावरून, तारेच्या बाहेरून चालत पुढे गेली आणि पारबताच्या काठाशी उभी राहिली. पारबता पाण्यात होती. तिनं पाहिलं आणि मुद्दाम लगबगीनं हाक मारली, "ये ना बाई, ये, इथी लय झिंगे हायेत." तिला थोरल्या जावेवर विचारायची पाळी येऊ द्यायची नव्हती. गिरजा हलली नाही. मी पट्टा थांबवला. का थांबवला कोण जाणे, ऐकू यावं म्हणून की ऐकू येऊ नये म्हणून.

"पारबता," ती म्हणाली, "आज तुह्या काठाले जाळं लावू का वं?"

पारबता पाण्यातच रडायला लागली. "लाव ना बाई. आन् रोज नको विचारू. तसंच लावत जा."

"तसं कसं?" गिरजानं लुगडं खोचलं. "काठ तुहा हाये."

दुसऱ्या दिवशीही ती तिथेच येऊन उभी राहिली, आणि विचारूनच पाण्यात उतरली.