साताऱ्यात घर बघताना

अठ्ठेचाळीस सालच्या जाळपोळीत कोरेगावजवळच्या खेड्यातलं आमचं घर गेलं. जमाव पुढच्या दाराशी आला तेव्हा आईने आम्हा तिघा भावंडांना मागच्या दाराने उसाच्या फडात नेलं, म्हणून आम्ही वाचलो.

पुढे वडील साताऱ्यात घर बघू लागले. एक आळी त्यांना फार आवडली. शाळा हाकेच्या अंतरावर, दारात नळ, आणि अंगणात आमच्याच वयाची मुलं विटीदांडू खेळत होती. आम्ही लगेच त्यांच्यात मिसळलो. आई मात्र घराच्या मागच्या बाजूला जाऊन आली.

"अहो, इथे मागे दार नाही. नुसती भिंत आहे."

"इथे कशाला लागतंय मागचं दार? शेजार किती चांगला आहे, बघ तरी."

"शेजार तिथेही चांगलाच होता," आई म्हणाली.

शेवटी पेठेच्या टोकाला एक अंधारं, ओल धरणारं घर आम्ही घेतलं. त्याचं मागचं दार दुसऱ्या बोळात उघडत होतं. तिथे आसपास आमच्या वयाचं कुणीच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं उंबऱ्यावर नुसते बसून असायचो. लांब खेळायला जायची परवानगी आईने आम्हाला कधीच दिली नाही.