पाटीवर रेडिओ लिहिलेलं नव्हतं

काजताईंना आडनाव असणारच, पण कारखान्यात ते कधी कुणाच्या तोंडी आलं नाही. बटणांची काजं पाडायच्या मशीनवर बसायच्या म्हणून काजताई. आमच्याकडे शर्ट शिवायचे. बाह्या एकीकडे, खांदे दुसरीकडे, कॉलर माझ्याकडे, आणि सगळं जोडून झालं की शर्ट कोपऱ्यात त्यांच्यापुढे जायचा. काजाचं मशीन भारी खाष्ट. कापड जरा सरकलं की नको तिथे भोक. "शिवण उसवता येते, भोक उसवता येत नाही," असं त्या म्हणायच्या. बोललेल्या शब्दाचंही त्या तसंच मानायच्या.

नवरा गेल्यावर त्या धाकट्या बहिणीकडे राहायला आल्या. एकदा जेवताना मेहुणे सहज बोलून गेले, "आम्ही आहोत ना तुम्हाला सांभाळायला." काजताईंनी ताटातलं संपवलं, ताट धुऊन ठेवलं आणि त्याच संध्याकाळी मागच्या खोलीत आपला वेगळा स्टोव्ह मांडला. बहीण रडली. मेहुणे म्हणाले, मी काय वाईट बोललो? वाईट काहीच नव्हतं. पण स्टोव्ह वेगळा तो वेगळाच राहिला.

त्या काळात टीव्हीवर दुपारी एक मालिका लागायची. दोन जावा, एक घर आणि त्या घरावरून चाललेला कोर्टातला दावा. सगळं गाव ती बघायचं आणि आम्ही नेमक्या तेव्हा मशीनवर. घरी गेल्यावर सासू नाहीतर शेजारीण सांगेल तेवढंच, तेही स्वतःचं मीठमसाला लावून. आम्ही मालकांना विचारलं, एखादा जुना टीव्ही कारखान्यात ठेवू का? मालक म्हणाले, "डोळे सुईवर पाहिजेत." आणि दुसऱ्याच दिवशी दाराशी पाटी लागली: कारखान्यात टीव्ही आणण्यास मनाई आहे.

काजताईंचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने सुट्टीवर येताना त्यांच्यासाठी एक रेडिओ आणला. दिसायला साधाच, पण त्याच्या काचेवर नेहमीच्या दोन पट्ट्यांखाली तिसरी पट्टी होती, तिच्यावर टीव्ही असं लिहिलेलं. काटा तिथे नेला की टीव्ही केंद्रावरून येणारा आवाज रेडिओत यायचा. चित्र नाही, नुसता आवाज. काजताईंनी तो घरी एकदा लावून बघितला आणि सकाळी पिशवीत घालून कारखान्यात आणला.

दुपारी मालिकेचं संगीत सुरू झालं तसा मुकादम धावत आला.

"बाई, हे काय?"

"रेडिओ."

"यात तर ती मालिका लागलीय."

"लागलीय खरी."

"मग टीव्हीच झाला ना तो."

"पाटी वाचून या, भाऊ. रेडिओ लिहिलंय का तिच्यावर?"

मुकादम पाटी वाचायला गेला नाही, मालकांना घेऊन आला. मालकांनी रेडिओ हातात घेतला, उलटा केला, मागची जाळी बघितली. आतून थोरली जाऊ वकिलाला झापत होती. काजताईंनी मशीन थांबवलं नव्हतं. त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मालक, यात चित्र सापडलं तर मलाही दाखवा."

सगळ्या खोलीत खसखस पिकली. मालकांनी रेडिओ खाली ठेवला. त्या आठवड्यात काम काही कमी झालं नाही. डोळे सुईवरच होते, कान तेवढे दुसरीकडे. आठवडा संपल्यावर मालकांनी काजाच्या कोपऱ्यातला रेडिओ लावायचा प्लग तेवढा काढायला लावला. काजताईंनी रेडिओत सेल घातले.

नुसतं ऐकण्यात एक वेगळीच मजा होती. मध्येच बोलणं थांबायचं, भांड्यात काहीतरी ओतल्याचा आवाज यायचा, आणि आमच्यात वाद पेटायचा. दूध असेल. छे, विष असेल. औषध का नसेल? कोणी गप्प झालं की ते रडतंय की रागावलंय हे आम्हीच ठरवायचो. धाकटी जाऊ दिसायला कशी, हे प्रत्येकीचं वेगळं. माझ्या मते ती उंच आणि शेलाटी. काजताई म्हणायच्या, "ती आपल्या इस्त्रीवालीसारखी आहे. रुंद खांद्यांची. एवढं सहन करायला अंगात हाड लागतं." इस्त्रीवाली लाजली, पण त्या दिवसापासून तिची चाल बदलली.

मग मालकांना गणवेशांची मोठी ऑर्डर मिळाली. ते म्हणाले, आता महिनाभर सुट्टीच्या दिवशीही यायचं, बदली सुट्टी मिळणार नाही. काजताई उभ्या राहून म्हणाल्या, "सहा दिवस तुमचे. सातवा आमचा." आम्ही माना हलवल्या. मालक निघून गेले. आम्हाला वाटलं, मिटलं.

दोन दिवसांनी एक खोकं आलं. आत मोठा रंगीत टीव्ही. मुकादमाने दाराची पाटी स्वतःच्या हाताने काढली. मालक अगदी घरच्यासारखे बोलले. "तुमची हौस मला कळत नाही का? आता कानावर भागवायला नको, डोळे भरून बघा. फक्त ऑर्डर संपेपर्यंत सुट्टीचं तेवढं सांभाळून घ्या."

खोटं कशाला बोलू, आम्ही हरखलो. त्या दुपारी टीव्ही लागला आणि धाकटी जाऊ पहिल्यांदा दिसली. कोरलेल्या भुवयांची, काडीसारखी बारीक मुलगी. दावा लावणारा दुष्ट दीर गोल चेहऱ्याचा, चांगल्या घरातला वाटत होता. मशीनं मंद झाली. मीही एक कॉलर उलटी जोडली. खांदे जोडणारी मुलगी वर बघत राहिली आणि सुई तिच्या बोटातून गेली.

काजताई टीव्हीकडे पाठ करून बसल्या होत्या. मुलीची किंकाळी ऐकून त्याच सगळ्यांच्या आधी उठल्या. चाक हाताने उलटं फिरवून त्यांनी सुई वर घेतली, बोट धुतलं, पट्टी बांधली. मुलीला बाकावर टेकवून त्या टीव्हीपाशी गेल्या आणि तो बंद केला.

मालक आले. "कोणी बंद केला?"

"मी."

"फुकट दिलेल्या वस्तूची ही किंमत?"

"फुकट कुठे, मालक? बदल्यात सुट्टी मागितलीत. डबा परत न्या. आमची सुट्टी आमच्याकडे राहू द्या."

"बाकीच्यांना हवाय तो."

"मग त्यांना विचारा."

त्यांनी विचारलं. माझ्या घरी दोन मुलं, नवऱ्याचं काम आज आहे, उद्या नाही. पहिला आवाज इस्त्रीवालीचा आला. "सुट्टीला मी येणार नाही." ती एवढंच बोलली आणि इस्त्री उभी करून ठेवली. मग बाह्यावाली. मग मी मशीनवरून पाय काढला. एकेक मशीन थांबत गेलं, तसे मालकांच्या चेहऱ्यावरचे भाव बदलत गेले.

"काज काय, कोणीही करील," ते काजताईंना म्हणाले.

"करील. बसवा."

टीव्ही परत गेला. सुट्टी राहिली. मालकांनी ऑर्डरसाठी बाहेरचे दोन कारागीर लावले. पण अपमान ते विसरले नाहीत. काजाच्या मशीनवर त्यांनी आपला एक भाचा आणून बसवला आणि काजताईंना दोरे कापायला बसवलं. हे काम नवख्या पोरींचं. तिथे पगारही कमी. मला वाईट वाटलं, आणि मी तसं बोलून दाखवलं.

"मला त्यांनी खिडकीत बसवलंय," त्या कात्री चालवत म्हणाल्या. "इथे रेडिओला खरखर अजिबात नाही. ऐक जरा."

खरंच आवाज घंटेसारखा स्वच्छ येत होता. मालिकेतल्या दाव्याचा निकाल आम्ही तिथूनच ऐकला. भाच्याने भोकं पाडलेले शर्ट त्याच खिडकीखाली साठत होते. मुकादम दोनदा विचारायला आला, मशीन कसं लावायचं. "मला आता दोरे कापायचे असतात," असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं. शेवटी मालकांनी स्वतः येऊन मशीनवर बसा म्हटलं. काजताईंनी आधीचा पगार मागितला, मधल्या दिवसांचा फरक मागितला, आणि दोन्ही हातात पडल्यावरच त्या उठल्या. रेडिओ मात्र त्यांनी खिडकीतच ठेवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

त्या महिन्यातल्या एका सुट्टीला मुकादम त्यांच्या गल्लीतून चालला होता. काजताई दारात उन्हाला बसून केस वाळवत होत्या.

"काय चाललंय, बाई?" त्याने विचारलं.

"सुट्टी."

"ते ठाऊक आहे. पण करताय काय?"

"तेच तर सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि तोंड उन्हाकडे करून बसल्या.