भोपळ्या आणि खन्नाजींचा पायजमा

इंजेक्शन भरून तयार होतं, आणि ज्याला ते द्यायचं तो पेशंट शेजारच्या खन्नाजींच्या पायजम्याला लटकला होता.

मी नोएडात कुत्र्यामांजरांची डॉक्टर आहे. पेशंट म्हणजे वानखेडेकाकांचा म्हातारा लॅब्रॅडोर, भोपळ्या. किडनीच्या जुनाट आजाराने या भोपळ्याचा पार दोडका झाला होता. हा आजार बरा होत नाही. कातडीखाली सलाईन द्यायचं, उलटीचं औषध द्यायचं आणि आहेत ते दिवस सुखाचे करायचे. तेही जमेनासं झालं की युथनेशिया. म्हणजे आधी गाढ झोपेचं इंजेक्शन, मग हृदय थांबवणारं. दुखत नाही. कुत्र्याला तरी नाही.

"पण कधी?" हे सगळेच विचारतात. त्यासाठी माझी एक पद्धत होती. कुत्र्याच्या जिवापाड आवडीच्या तीन गोष्टी आधीच ठरवायच्या. त्यातल्या दोन सुटल्या की मला फोन. भोपळ्याच्या तीन अशा: भाकरीचा पापुद्रा खाणं, पाहुण्यांची चप्पल पळवणं आणि खन्नाजींवर भुंकणं. खन्नाजी समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. 'इस कुत्ते को निकालो' ही सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमधली त्यांची मागणी.

घोळ असा झाला, की वानखेडेकाका केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले. नियमातून वाट काढण्यात त्यांची हयात गेलेली. भोपळ्याने भाकरी सोडली, तर काकांचा फोन, "डॉक्टर, पापुद्र्यावर तूप लावलं तर चाटलं त्याने. चाटणं हे खाण्यातच धरायचं ना?" मग चप्पल सुटली. तेव्हा पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो आला. चप्पल भोपळ्याच्या तोंडात, आणि कडेला ती धरून ठेवणारा काकांचा अंगठा.

शेवटी काकूंनीच मला बोलावलं. "यांना सांगू नका मी फोन केला म्हणून. पण बघवत नाही हो आता."

मी गेले तेव्हा भोपळ्या गादीवर पडून होता. मान उचलत नव्हता. काका भिंतीकडे तोंड करून उभे. मी इंजेक्शन भरलं. तेवढ्यात खन्नाजी हात जोडून आत आले. "बस, आखिरी बार देखने आया हूँ जी."

भोपळ्याने एक डोळा उघडला. गुरगुरला. उठला. पुढचं वर सांगितलंच आहे.

"एक्स्टेन्शन!" काका ओरडले.

"काका, ही नोकरी नाहीये!"

"मॅडम, काम करतोय ना तो? मग रिटायर कसं करायचं?"

मी भोपळ्याला पुन्हा तपासलं. थोडे दिवस निघतील असं वाटलं. सलाईन लावलं आणि काकांना बजावलं, "यापुढे फक्त भुंकणं बघायचं. आणि ते तुम्ही ठरवायचं नाही."

"मग कोण ठरवणार?"

आम्ही सगळ्यांनी खन्नाजींकडे पाहिलं. ते फाटलेला पायजमा सावरत होते. "चलो, ठीक है यार," ते म्हणाले, "रोज़ सुबह आ जाऊँगा."

आणि खरंच रोज जायला लागले. तोच फाटका पायजमा घालून, कारण भोपळ्याला तो बघून जास्त जोर चढायचा. चार शिव्या तो द्यायचा, चार हे द्यायचे, मग काकूंचा चहा. काका मला सांगायचे, "बिल्कुल फर्स्ट क्लास भुंकला आज." मी म्हणायचे, "तुमचं नको, खन्नाजींना फोन द्या."

एका सकाळी खन्नाजींनी स्वतःच फोन केला. "डॉक्टर साहब, आज नहीं भौंका."

"जरा और पास जाके देखिए."

"गया था जी. मुझे देखके पूँछ हिलाई उसने." आणि हा माणूस फोनवर हमसून रडायला लागला.

मी पोचले तेव्हा काकांनी एक्स्टेन्शन मागितलं नाही. भोपळ्या खन्नाजींच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. पायजमा तोच होता.

आता मी आवडीच्या तीन गोष्टी विचारत नाही. पहिल्याच व्हिजिटला विचारते, "याचं कोणाशी पटत नाही?" आणि त्यांचा नंबर घेऊन ठेवते.