विसर्जित तुकडीचा स्वयंपाकी

आखातातल्या अल कुसैसमध्ये मी लोकांना अर्ज लिहून देतो. एकदा एक परदेशी सुरक्षारक्षक आला. त्याच्या देशात युद्धानंतरच्या कायद्याने गुप्तचर विभाग लष्करातून वेगळा काढला आणि हा ज्या तुकडीत होता ती विसर्जित केली. सेवेच्या दाखल्यावाचून इथली नोकरी जाणार होती. मात्र दाखला कोणी द्यायचा यावर लष्कर आणि गुप्तचर ही दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवत होती.

“वहाँ काम क्या था?” मी विचारले.

“खाना पकाता था, भाईसाब.”

हेरही हेच सांगेल, असे माझ्या मनात आले. “फिर रसोइये के दाखले से दोनों क्यों डरते हैं?”

“वही अर्जी में पूछिए ना.”

अर्जात मी दोन्ही खात्यांना तेच आदरपूर्वक विचारले. एरवी प्रत्येक अर्जाखाली अभिमानाने उमटणारा माझा शिक्का त्या दिवशी खणातच राहिला.

कोऱ्या जागेकडे पाहत तो म्हणाला, “आप भी डर गए?”