बाइंडरसाहेबांचा डबा

आमच्या कार्यालयाच्या तळघरात रजिस्टरं बांधणाऱ्या गृहस्थांना सगळे बाइंडर म्हणतात, मी बाइंडरसाहेब म्हणतो. आम्ही दोघे एकाच वर्षी निवृत्त होणार. माझं टेबल आस्थापना विभागात, म्हणजे लोकांच्या रजा, बढत्या आणि पेन्शनचे कागद माझ्याकडे. जेवायला मात्र मी गेली अकरा वर्षं तळघरात उतरतो. घरी माझ्याशी बोलायला कोणी नाही. तिथे निदान कात्रीचा आवाज तरी असतो.

त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मागे ते आणि मुलगी. मुलगी चौतीस वर्षांची, बापापेक्षा उंच, पण समज पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी. ते तिला चिमणी म्हणतात. ती बोलते थोडं, पण हाताला वळण आहे. भांडी धुते, कपड्यांच्या घड्या घालते, रात्रीच बापाचा डबा भरून ठेवते. दिवसा शेजारच्या वहिनी तिच्याकडे लक्ष ठेवतात, दुपारी तिच्याबरोबर जेवतात.

गेल्या वर्षी तपासणीत बाइंडरसाहेबांची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली, एक छापील कागद दिला आणि खाणं दिवसातल्या आठ तासांत बसवा म्हणून सांगितलं. त्यांनी तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवून रजिस्टरं दाबायच्या प्रेसच्या वर टांगला आणि त्याच दिवसापासून रात्रीचं जेवण सोडलं. सकाळी नऊला न्याहारी, एकला डबा, पाचनंतर फक्त पाणी.

"शंभर गाठायचा विचार दिसतोय," मी म्हणालो.

"शंभर कशाला? चिमणीच्या मागे एक दिवस मिळाला की पुरे."

"ती आत्ता चौतीसची. म्हणजे तुम्हाला एकशेवीस तरी लागतील."

"मग द्या की मुदतवाढ, आस्थापनावाले! उगीच खुर्ची गरम करता?"

ते हसत होते, पण हात थांबले होते. त्यांनी डॉक्टरांनाही हेच विचारलं होतं, आयुष्य किती वाढेल म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, "साखर उतरेल, वजन उतरेल, रक्तदाबही कदाचित सुधारेल. आयुष्याचं म्हणाल, तर उंदरांचं वाढलेलं दिसलंय. माणसांचं अजून कोणी छातीठोकपणे सांगत नाही."

"उंदरांना जमतं, मग मला का नाही?" हे मला सांगून ते पुन्हा सुईत दोरा ओवू लागले.

आठ महिन्यांत नऊ किलो उतरले. पट्ट्याला त्यांनी आपल्याच आरीने दोन नवी भोकं पाडली. साखर ताळ्यावर आली, तळघराचा जिना ते न थांबता चढू लागले. डबा मात्र जड होत गेला. झाकण उघडताना दाबून भरलेला भात वर उसळायचा.

"चिमणीला वाटतं बाप वाळला," ते कौतुकाने म्हणायचे. "घ्या, मला एकट्याला संपायचं नाही."

मी नको म्हणायचो नाही. घरचं अन्न मला दुसरीकडे कुठे मिळणार?

गेल्या महिन्यात त्यांचे पेन्शनचे कागद निघाले. बापाच्या मागे अशा मुलीला पेन्शन मिळते; त्यासाठी तिचा फोटो आणि अंगठा लागतो. मी एका संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या. पुढच्या खोलीत आम्ही बसलो, आत एक टेबल आणि तीन खुर्च्या. एका खुर्चीवर घडी घातलेल्या कपड्यांचा ढीग होता, कोणी बसू नये असा. त्यांनी चिमणीला भात, भाजी आणि उकडलेलं अंडं वाढलं आणि बाहेर आले.

"मी समोर बसलो की भूक चाळवते," ते म्हणाले. "तिचं आटोपलं की ताट धुऊन ठेवते ती."

त्यांनी दिलेला फोटो जुना होता. त्यातली चिमणी गालांनी भरलेली होती. आतल्या चिमणीचा झगा खांद्यांवरून घसरत होता.

"पोरगी उतरली," मी म्हणालो.

"वहिनीही म्हणतात. आईची आठवण असेल."

माझ्या जागेवरून टेबल दिसत होतं. चिमणी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली होती. दहा मिनिटं गेली असतील. मग तिने डबा ओढला, ताटातली भाजी आणि भात चमच्या-चमच्याने त्यात भरला, चमच्याच्या पाठीने दाबला, वर अंडं ठेवलं आणि झाकण लावलं. ताट धुतलं, पुसलं.

"बाइंडरसाहेब," मी विचारलं, "उद्याच्या डब्यात अंडं आहे?"

"नाही. अंडं तिच्या ताटात वाढलंय."

"ते डब्यात गेलं."

ते उठले. आत जाऊन त्यांनी झाकण उघडलं.

"चिमणे, जेवली नाहीस?"

"बाबा बसले नाहीत."

आईने तिला लहानपणापासून एकच शिस्त लावली होती. सगळे बसल्याशिवाय घास उचलायचा नाही.

"रोज?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. रोज म्हणजे कधीपासून, हे तिला सांगता आलं नसतं. आम्हा दोघांना ते माहीत होतं.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागदावर आठ तास लिहिलेत. कुठले, ते लिहिलेलं नाही. सकाळचंही सोडता आलं असतं. पण संध्याकाळी हिच्या आईची ही तिसरी खुर्ची समोर यायची."

त्यांनी दोन ताटं घेतली, डबा अर्धा-अर्धा केला आणि चिमणीच्या समोर बसले. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा ती जेवू लागली. ती भराभर जेवत होती. अंगठा राहू दे म्हणून मी निघालो. रस्ताभर मला त्या डब्यातून मी घेतलेला भात आठवत राहिला.

आता ते सकाळी न्याहारी करत नाहीत; चिमणीची न्याहारी वहिनींबरोबर होते. एकला डबा, संध्याकाळी चिमणीबरोबर जेवण, मग दुसऱ्या दिवशी एकपर्यंत फक्त पाणी. डॉक्टरांना विचारून घेतलं आहे.

त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी मी तळघरात उतरलो तेव्हा डबा हलका होता. त्यांनी मला घ्या म्हटलं नाही. मी कॅन्टीनचा पाव उघडला आणि त्यांच्या समोर बसून जेवलो.