ड्रॉइंग नंबर सातचा कोपरा

कोरा चौकोन मला बघवत नाही. सरकारी स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात सत्तावीस वर्षं काढल्यावर माणसाला अशा सवयी लागतात. ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकोन छापलेले असतात: काढणारा, तपासणारा, तारीख, नंबर. ते भरले नाहीत तर ड्रॉइंग म्हणजे नुसत्या रेघोट्या, असं पहिल्या साहेबांनी शिकवलं. मी ते इतकं मनावर घेतलं, की किराणाच्या यादीखालीही सही करून तारीख टाकतो. हिंदी शाळेतली मुलगी म्हणते, "पप्पा, जीरे का भी ड्रॉइंग बना दो."

बायकोच्या धाकट्या भावाची कुरुदला शेड आहे. राहायला तो दुर्गच्या पद्मनाभपुरात. शेडमध्ये प्लास्टिक ओतायचं एक मशीन आहे, त्यावर तो मोबाइलची कव्हरं काढतो. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बायकोनं नवा फोन घेतला. त्याचा कॅमेरा पाठीवर गळवासारखा वर आलेला, त्यामुळे ओट्यावर ठेवला की फोन डुगडुगायचा. ती लग्नपत्रिकेची घडी करून त्याच्याखाली सरकवायची, मोडक्या टेबलाच्या पायाखाली सरकवतात तशी. एकदा कुकरच्या शिट्टीबरोबर फोन सरकत सरकत भिजवलेल्या डाळीत गेला. तेव्हा भाऊ आमच्याकडेच जेवत होता.

"कव्हरले खालून एक पट्टी कावून नाही लावत रे तू?" ती त्याला म्हणाली. "कॅमेऱ्याएवढीच उंच. मंग कसा डुगडुगते पाहू."

त्यानं घास तसाच हातात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, द्या ना काढून."

त्याच रविवारी मी काढून दिलं. ऑफिसात कॉम्प्युटर आल्यापासून पडून असलेला जुन्या छापील शीटचा गठ्ठा भंगारात जायला निघाला होता. मुलीला चित्रं काढायला म्हणून त्यातल्या थोड्या मी घरी आणल्या होत्या. त्यातलीच एक घेतली. कोपऱ्यात प्लांटचं नाव छापलेलं. त्याखाली मी माझं संपूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. तारीख टाकली. साळ्याला आधी सहा ड्रॉइंगं काढून दिली होती, म्हणून याचा नंबर सात. राहिला 'तपासणारा'. आपलंच काम आपण तपासायचं नाही, हा नियम. बायकोला हाक मारली. तिनं पदराला हात पुसले, दोन मिनिटं कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चार्जिंगचं भोक कुठी आहे?"

ते मी विसरलो होतो. काढलं. मग तिनं सही केली.

कव्हरं रायपूरच्या एका दुकानात गेली. सोबतच्या चलनावर साळ्यानं लिहिलं, 'ड्रॉइंग नंबर ७ प्रमाणे'. हेही मीच शिकवलेलं. मूळ कागद मी घरीच कपाटात ठेवला, कारण कारागिराला फक्त प्रत द्यायची असते. एवढा शहाणपणा मी कधी खात्याच्या परीक्षेत दाखवला असता तर आज साहेब झालो असतो.

तेव्हा पेपरात मोठ्या फोन कंपन्यांची भांडणं यायची. हिनं माझा आकार चोरला, तिनं माझ्या गोल कडा उचलल्या, चला कोर्टात. मी जेवताना मोठ्यानं वाचायचो आणि म्हणायचो, "गोल कडा काय कोणाच्या बापाच्या आहेत?" सगळे हसायचे. मी जरा जास्तच हसायचो.

गेल्या दिवाळीनंतर साळा दारात आला तो हेल्मेट न काढताच. हातात वकिलाची नोटीस. फोनबरोबर स्वतःची कव्हरंही विकणारी एक मोठी कंपनी म्हणत होती, की आधाराची ती पट्टी हे आमचं नोंदवलेलं डिझाइन आहे. तुम्ही ते चोरलं. माल बंद करा आणि साचा आमच्या ताब्यात द्या, नाहीतर कोर्टात भेटू.

"भाऊजी, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. सांगा ना, काय करतीन हे लोक?"

"काही नाही करत," मी म्हणालो आणि पाणी प्यायला आत गेलो. तो साचा गेला तर त्याची शेड म्हणजे नुसते पत्रे, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

दुर्गला कोर्टाजवळ एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढला.

"इनकी रजिस्ट्री से पहले आपका माल बाजार में था?"

"था ना मॅडम," साळा म्हणाला आणि त्यानं जुनं चलन पुढे केलं. तारीख नोंदणीच्या कितीतरी आधीची होती. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. "यहां तो बस 'ड्रॉइंग नंबर सात' लिखा है. इससे क्या पता चलेगा कि पट्टी थी? वो ड्रॉइंग लाइए. तारीख और साइन वाला."

साळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"शोधावं लागेल," मी मराठीत म्हणालो. भीती वाटली की माझी हिंदी आधी जाते.

शोधायचं काय होतं? कागद कपाटात दुसऱ्या खणात होता. पण त्याच्या कोपऱ्यात प्लांटचं छापील नाव होतं आणि त्याखाली मी, बापासकट. परवानगीशिवाय बाहेरचं काम करायचं नाही, हे नोकरीला लागलो तेव्हाच लिहून दिलेलं. त्यात शीटही त्यांचीच. निवृत्तीला तीन वर्षं. आमच्या सेक्शनमधल्या एकाला एकदा व्हिजिलन्सनं, म्हणजे प्लांटच्या चौकशी खात्यानं, बोलावलं होतं. तासाभरानं परत आला, डबा न उघडता पिशवीत घातला आणि कोणाशी न बोलता घरी गेला. त्याचं पुढे काय झालं ते आठवत नाही, पण तो न उघडलेला डबा मला आठवतो. त्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये बुटांचा आवाज आला, की मी पेन्सिलीला टोक करायला बसायचो. पेन्सिल सुटून आम्हाला दहा वर्षं झाली आहेत.

रविवारी दुपारी मी ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि मुलीची कात्री घेतली. बायको मागे येऊन उभी राहिली.

"काय करून राहिले?"

"कोपरा तेवढा काढतो. बाकी ड्रॉइंग पूर्ण आहे."

"कोपरा गेला तं तारीख गेली. मंग काय राह्यलं? रेघोट्या. तुमीच म्हणता ना."

"आणि नोकरी गेली तर?"

ती खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "भेव मले बी वाटते. तिथं माही बी सही आहे." तिनं बोटानं चार्जिंगचं भोक चाचपलं, जणू ते कागदात खरंच पाडलेलं होतं. "काल रडला तो फोनवर. तुमाले सांगू नको म्हणे. आन् पट्टी माह्या ओट्यावर सुचली. मी कोणाची चोरली नाही."

मी कात्री ठेवून दिली. यात शौर्य काही नव्हतं. तिच्यासमोर कापायची हिंमत नव्हती, एवढंच.

सोमवारी मात्र एक काम केलं. आपण पकडले जाऊ याची वाट बघत बसणं घाबरट माणसाला जमत नाही. बाहेरच्या कामाच्या परवानगीचा छापील अर्ज भरला, काम आधीच झालंय हे खरं लिहिलं, शीटचंही लिहिलं, आणि साहेबांपुढे ठेवला. साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे आहेत. त्यांनी तो दोनदा वाचला.

"ठेवा," म्हणाले.

मी अजून काही म्हणतील म्हणून उभा राहिलो. त्यांनी दुसरी फाइल उघडली.

संध्याकाळी ड्रॉइंग घेऊन आम्ही दुर्गला गेलो. बायकोही आली. वकीलबाईंनी कोपरा डोळ्यांजवळ नेला. "ये 'चेक्ड बाय' में कौन हैं?"

"मी," बायको म्हणाली.

"सच में चेक किया था?"

"चार्जिंग का छेद मैंनेच पकडा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि सांगितलं, प्रकरण पुढे गेलं तर तुम्हा दोघांना कोर्टात हे सांगावं लागेल. बायकोनं मान हलवली. मी पंखा पाहिला.

कंपनीला उत्तर गेलं, त्याला आता पाच महिने झाले. तिकडून काहीच नाही. वकीलबाई म्हणतात, गप्प बसणं चांगलंही असतं आणि वाईटही. मशीन चालू आहे, पण पोस्टमन दिसला की साळा ते बंद करतो, जसं काही आवाजावरूनच साचा ओळखू येणार आहे.

आणि माझा अर्ज साहेबांच्या ट्रेमध्ये आहे. रोज एक तरी ड्रॉइंग घेऊन मला त्यांच्या टेबलाशी जावं लागतं. ते सही करतात तोवर मी तिरक्या नजरेनं बघतो. इतर कागदांखालून अर्जाची खालची कड बाहेर आलेली दिसते. माझी सही, माझी तारीख, आणि शेजारी 'अधिकाऱ्याचा शेरा' असा एक चौकोन. अजून कोरा. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा चौकोन बघून वाटतं, राहू दे तसाच. तीन वर्षंच तर आहेत.